वाचायच्या यादीची छाटणी: प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

आज शेवटी सगळ्या याद्या एका ठिकाणी आणल्या. वहीच्या मागच्या पानांवरची नावं, मोबाईलच्या नोट्स, व्हॉट्सअ‍ॅपवर स्टार करून ठेवलेले मेसेज, किंडलवर उतरवलेली सॅम्पल्स, आणि घरात न वाचता पडलेली पुस्तकं, जी कपाटात मागच्या रांगेत ढकलली गेलीयेत ती पण. सगळं एका गूगल शीटमध्ये टाकलं. डबल झालेली नावं काढून सुद्धा सव्वादोनशेच्या वर आकडा आहे, आणि डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव झाला तिथून आणलेली पिशवी यात अजून धरलेलीच नाहीये.

नोकरी आणि घर सांभाळून माझी वर्षाला वीस-पंचवीस पुस्तकं होतात. म्हणजे आजपासून एकही नवीन नाव घेतलं नाही तरी हे दहा वर्षांचं काम. पण खरी अडचण वेगळीच आहे, यादी एवढी लांबली की ती उघडावीशीच वाटत नाही, मग हाताला येईल ते वाचलं जातं आणि ज्यांची मनापासून ओढ होती ती पुस्तकं त्या गर्दीत दिसतच नाहीत. दोन पुस्तकं मला अशी सापडली आज, की अरे हे तर मला कधीपासून वाचायचं होतं! ती यादीत होतीच, शंभराव्या-दीडशेव्या ओळीत.

तर ठरवलंय असं, मार्चपर्यंत यादी साठाच्या आत आणायची आणि राहिलेल्या प्रत्येक नावापुढे ते का ठेवलं हे लिहायचं. कॉलम: नाव, लेखक, भाषा, कोणी सुचवलं, कुठे मिळेल, आणि शेवटचा कॉलम "का?".

8 जानेवारी

ऑफिसला जाता-येता बसमध्ये "का?" भरतीये. स्वतःसाठी नियम केलाय की "चांगलं आहे म्हणतात", "पुरस्कार मिळालाय", "वाचायलाच हवं" ही उत्तरं धरायची नाहीत, कारण ती कुठल्याही पुस्तकापुढे लिहिता येतात. मला त्यातून काय हवंय ते एका ओळीत आलं पाहिजे. काहींना लगेच सुचलं, पण निम्म्याहून जास्त रिकामी राहिली. रिकामी म्हणजे लगेच बाद असं नाही, ती तपासायला जाणार.

न उघडता एकगठ्ठा काढली ती सवयी, वेळेचं नियोजन, यशस्वी लोकांची दिनचर्या वगैरे. एक मुद्दा तीनशे पानं ताणलेला असतो आणि तो मुद्दा मला आधीच माहितीये. दहा वर्षांपूर्वी "येत्या काळात टेक्नॉलॉजीचं काय होणार" सांगणारी होती ती पण गेली, तो काळ येऊन गेला.

"कुठे मिळेल" हा कॉलम मात्र वाटलं होतं त्याच्यापेक्षा फार कामाचा निघाला. आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, मोजणी पुढच्या 1 जानेवारीपासून धरतात. लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये गेल्या, ह. ना. आपटे 1919 मध्ये, म्हणजे यांचं लिखाण केव्हाच खुलं झालंय, ते कधीही मिळणार. यादीत मी बरीच नावं फक्त या भीतीने धरून ठेवली होती की विसरलं तर हातचं जाईल. खुल्या झालेल्या पुस्तकांना ती भीती लागूच नाही. आणि याच्या उलटं, काही पुस्तकांची आवृत्ती संपलीये, पुन्हा छापतील याचा भरवसा नाही, जुन्या पुस्तकांच्या दुकानात एखादी प्रत दिसली तर दिसली. त्यांच्या ओळी पिवळ्या केल्या. घाई करायचीच असेल तर ती यांची करायला हवी. आजपर्यंत मी घाई करत आले नवीन आलेल्यांची, जी सगळीकडे ढिगाने उपलब्ध आहेत.

12 जानेवारी

मावशीकडे सहकारनगरला गेले होते. ती तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण पुस्तकांचा विषय काढला की अजून खुर्चीत सरसावून बसते. तिला शीट दाखवली, म्हटलं मावशी मला नावं काढताना जड जातंय गं.

"अगं, आम्ही नियमाने पुस्तकं बाद करायचो," ती म्हणाली. "कपाटं तेवढीच, अनुदान तेवढंच, आणि दरवर्षी नवीन येणार. नाही काढली तर चांगलं पुस्तक वाचकाला सापडत नाही. काढणं हे कामातलंच काम आहे."

मग तिने सगळं सविस्तर सांगितलं. फाटलेली, पानं गळलेली आधी बाजूला. मग माहिती जुनी झालेली: कायद्याची, आरोग्याची, स्पर्धा परीक्षांची, कारण ती नुसती जागा अडवत नाहीत तर चुकीचं सांगतात. मग ज्यांची सुधारित आवृत्ती आलीये ती. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात जपून, जी कोणीच नेत नाही ती. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का कधीचा ते बघायचं, मग समितीपुढे यादी ठेवायची, मंजूर झाली की दाखल नोंदवहीत त्या नंबरासमोर नोंद. पण गावच्या इतिहासावरचं एखादं पुस्तक वीस वर्षं कोणी नेलं नसलं तरी ती ते काढू द्यायची नाही. "ते दुसरीकडे कुठं मिळणार होतं? आमच्याकडे नसेल तर कुठेच नाही." माझ्या पिवळ्या ओळींचं तिला फार बरं वाटलं.

अमेरिकेत टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाने 1976 मध्ये याच कामाची एक पद्धत छापून काढली होती, क्रू नावाची, ती जगभर वापरतात आणि तिच्यातल्या कसोट्या मावशीच्या कसोट्यांशी जवळजवळ जुळतात: माहिती दिशाभूल करणारी आहे का, प्रत खराब झालीये का, नवीन आवृत्ती आलीये का, इथल्या वाचकांना उपयोग आहे का, आणि दुसरीकडे सहज मिळतं का. शेवटची कसोटी माझ्या यादीला अगदी फिट बसते.

निघताना तिने ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे नियम म्हणून दाखवले, बी.लिब.ला (ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला) पाठ केलेले. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तिसरा नियम ऐकून मला कपाटातली मागची रांग आठवली. ती पुस्तकं माझ्याकडे आहेत म्हणून त्यांच्या वाचकाकडे नाहीयेत. हे डोक्यात पक्कं बसलं.

14 जानेवारी

संक्रांत, घरी पाहुणे, काम शून्य. फक्त जी मालिका पहिल्या भागानंतर सोडली होती तिचे पुढचे भाग काढले. पहिला संपवून चार वर्षं झाली आणि एकदाही पुढे काय झालं असेल असं मनात आलं नाही, मग विचार करण्यासारखं काही उरतच नाही.

19 जानेवारी

आजचा दिवस खरा कामाचा. शीटवर बसून जे ठरत नव्हतं ते ग्रंथालयात जाऊन ठरवलं. "का?" रिकामं असलेल्यांपैकी जेवढी तिथे आहेत त्यांचे नंबर आधीच काढून नेले होते, काउंटरवरच्या काकांना सांगितलं की काका मला घरी न्यायची नाहीयेत, इथेच बसून चाळायचीयेत, त्यांनी कोपऱ्यातलं टेबल दिलं आणि गठ्ठा आणून ठेवला. पुण्यात हे सुख आहे बाबा. पुणे नगर वाचन मंदिर 1848 चं, पुणे मराठी ग्रंथालय 1911 चं, आणि त्याशिवाय गल्लीबोळात लहान लहान वाचनालयं. पुस्तक विकत घेण्याआधी हातात घेऊन बघायची सोय या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि आम्ही मात्र मोबाईलवर चांदण्या मोजून ठरवतो.

सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा एक नियम आहे, पन्नास पानं वाचून बघा, नाही आवडलं तर सोडा, आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. मावशी एकाहत्तरची, म्हणजे तिला एकोणतीस पानं पुरेत. मला एवढा ढीग पन्नास पानांनी तपासणं शक्य नाही म्हणून दहा पानं सुरुवातीची आणि दहा मधली असं धरलं. मधली हवीतच. सुरुवात लेखकाने घासूनपुसून घेतलेली असते, दहा वेळा लिहिलेली असते, प्रस्तावनेत कोणीतरी मोठ्या माणसाने कौतुक केलेलं असतं. मधे उघडलं की कळतं हा माणूस रोजचं कसं बोलतो, गोष्ट पुढे न्यायचं सोडून आपल्याला काही शिकवत बसतो का, संवादात माणसं बोलतात का भाषणं करतात.

एक ऐतिहासिक कादंबरी, जाडजूड, पंधरा वर्षं माझ्या यादीत, प्रत्येक घरात असते अशी. मधली दहा पानं वाचली. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून बोलतोय, स्वयंपाकघरात सुद्धा. काढली. नववीत असते तर वाचली असती आणि तेव्हा ती माझ्यासाठी बरोबरच ठरली असती.

उद्धव शेळक्यांची 'धग' मात्र याच्या अगदी उलट. 1960 ची कादंबरी, वऱ्हाडी बोलीतली, मी पुण्यात वाढलेली, पहिल्या पानांवर दर दोन ओळींना अडखळले आणि वाटलं हे आपल्याच्याने होणार नाही. मग मधे उघडलं आणि तोवर कान सरावला होता, कादंबरीतली कौतिक समोर बोलतीये असं ऐकू यायला लागलं, दहाची तीस पानं कधी झाली कळलं नाही. "का?" मध्ये लिहिलं: माझ्याच भाषेचा असा आवाज ऐकायचा जो माझ्या कानावर कधी पडला नाही. फक्त सुरुवात वाचून ठरवलं असतं तर हे पुस्तक आज माझ्या यादीतून गेलं असतं, या विचाराने पोटात गोळा आला.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' पण तिथेच मिळालं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात आत होते. पुस्तक छापलं गेलं 1907 मध्ये. यादीत होतं ते "ऐतिहासिक महत्त्व" म्हणून, जे काही माझं कारण नव्हे. आत बघितलं तर हा माणूस गोळे पडत असताना जेवणाचं काय झालं, कोणी आसरा दिला, पैसे कुठे लपवले ते सांगतो. राहिलं, आणि वरच्या दहात गेलं.

कवितासंग्रहांना वीस पानांची पद्धत चालत नाही हे पण आज कळलं, कविता अशा ओळीने वाचल्या की सगळ्या एकसारख्या वाटायला लागतात. त्यांच्यासाठी दोन कविता, हळू, बस.

संध्याकाळी परतताना लकडी पुलावर ट्रॅफिकमध्ये बसच्या खिडकीशी बसून काढलेल्यांची नावं शीटमध्ये लाल केली. एकाचंही वाईट वाटलं नाही, कारण प्रत्येकाला भेटून आले होते.

26 जानेवारी

आमच्या भागात, म्हणजे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन बॅरी सिंड्रोम, नसांवर परिणाम करणारा आजार) रुग्ण सापडतायत. रोज पेपरात आकडा वाढतोय. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आलाय, तो दूषित पाणी-अन्नातून येतो, म्हणून सगळ्या सोसायटीत पाणी उकळून प्यायचं चाललंय, आमच्या गॅसवर दिवसभर पातेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या, "अगं, धरण इथून दिसतं आपल्याला, आणि पाणी हे असं?"

त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. रात्री शीट उघडली आणि वेगळ्याच नजरेने बघितली. पाणी या एका गोष्टीभोवती माझ्या यादीत किती पुस्तकं विखुरलेली आहेत! वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या लोकांनी सुचवलेली, एकमेकांशी काही संबंध नाही असं समजून मी टाकलेली.

1750 च्या आसपास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं, शनिवारवाड्याला आणि पेठांमधल्या हौदांना. त्या नळावरचे उच्छ्वास, म्हणजे हवा सुटायला बांधलेले मनोरे, अजून काही ठिकाणी उभे आहेत. काळा हौद, बाहुलीचा हौद ही नावं आपण पत्ता सांगताना घेतो पण तिथे पाणी कुठून यायचं हे कोणाला आठवत नाही. नंतर इंग्रजांच्या काळात खडकवासला. मग मुळशी, तिथे 1921 मध्ये धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर मावळातले शेतकरी उभे राहिले. मग 12 जुलै 1961, पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

मावशीला फोन केला. पानशेतच्या वेळी ती सात वर्षांची होती, नदीजवळच्या वाड्यात राहायचे हे लोक. म्हणाली पाणी ओसरल्यावर ट्रंका उघडल्या तर पोथ्या आणि पुस्तकं चिखलाच्या विटा झालेल्या, तिच्या आजोबांनी त्यातली पानं सोडवून दोरीवर वाळत घातली होती. हे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं, मी पण कधी विचारलं नव्हतं.

तर आज एकही पुस्तक काढलं नाही, उलट लाल केलेलं एक परत घेतलं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती', धरणग्रस्तांवरची, 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार. मी ती काढली होती कारण "का?" मध्ये फक्त "पुरस्कार" लिहिलेलं होतं. आता तिथे लिहिलंय: माझ्या नळाला पाणी यावं म्हणून ज्यांची गावं बुडाली ते लोक कुठे गेले? राजेंद्र व्होरा यांचं मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक पण वर घेतलं.

आणि आता मला या यादीचं काय करायचं ते नीट दिसायला लागलंय. पुस्तक मोठं का छोटं, गाजलेलं का दुर्लक्षित, याने काही ठरत नाही. माझ्याकडे त्याला विचारायला प्रश्न आहे का? असेल तर सहाशे पानं सुद्धा वाचून होतील. प्रश्न नसेल आणि वीस पानांत तो जागा पण झाला नाही, तर शंभर पानांचं पुस्तक पण माझ्याकडे पडूनच राहणार.

2 फेब्रुवारी

आज जाडजूड मंडळी. यांना आतापर्यंत हात लावला नव्हता.

गो. स. सरदेसाईंची 'मराठी रियासत', आठ खंड. सरदेसाई बडोद्याला सयाजीरावांच्या पदरी नोकरीला होते आणि पुढे पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग त्यांनी संपादित केले, हे काम नुसतं आठवलं तरी मान आपोआप खाली जाते. पण आदर आहे म्हणून आठही खंड माझ्या यादीत बसवायचे का? मला आत्ता नानासाहेबांचा काळ हवाय. तेवढा भाग ठेवला, बाकीचे काढले. सरदेसाई 1959 मध्ये गेले, 2020 पासून हे सगळं खुलं आहे, लागेल तेव्हा उघडता येईल.

ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा "वाचायची पुस्तकं" यादीत का होती तेच कळेना. नऊ हजार ओव्या आणि साडेचार हजारांच्या आसपास अभंग, हे काय संपवून टिकमार्क करायचं काम आहे का? ज्ञानेश्वरी तर सातशे वर्षं लोक रोज थोडी थोडी वाचतायत, आमची आजी सकाळी दहा ओव्या वाचायची आणि शेवटची आली की परत पहिली. ही दोन्ही यादीतून काढून उशाशी ठेवली. काढण्यात इतका आनंद दुसऱ्या कुठल्याच नावाला झाला नाही.

'वॉर अँड पीस' ठेवलं. त्याची 361 प्रकरणं आहेत आणि बरीचशी अगदी चार-पाच पानांची, रोज एक घेतलं तरी वर्षात होतं. बसमध्ये सुरू केलंय, स्वारगेट येईपर्यंत एक प्रकरण आरामात होतं. यादीत जागा एकच, पण बाकीच्या वाचनाच्या आड येत नाही.

9 फेब्रुवारी

सगळ्यात अवघड गठ्ठा: माणसांनी दिलेली किंवा आग्रहाने सुचवलेली. इथे पुस्तकापेक्षा माणूस मधे येतो.

ऑफिसमधल्या मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी दिली होती, तिच्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं पुस्तक. वीस पानं वाचली, मग अजून वीस वाचली, तिच्यासाठी. नाही लागलं मन. आज डब्याच्या वेळी तिला सरळ सांगितलं आणि पुस्तक परत दिलं, आतून धडधडत होतं. ती म्हणाली, "बरं झालं दिलंस, माझ्या भाचीला हवंच होतं. पण मला सांग ना, तुला नक्की कुठे आवडलं नाही?" आणि त्यावर आम्ही जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोललो, तिला त्यातल्या आईबद्दल काय वाटतं ते मी पहिल्यांदा ऐकलं. तीन वर्षं मी "वाचतीये, वाचतीये" म्हणत हे बोलणं लांबवत होते.

सासऱ्यांनी दिलेली दोन चरित्रं मात्र ठेवली. त्यांचं वय झालंय, ती त्यांनी तरुणपणी वाचून पेन्सिलीने खुणा केल्यात, आणि मला त्या खुणा वाचायच्यात. बाबांना बाविसाव्या वर्षी कशाखाली रेघ मारावीशी वाटली? हे "का?" मला पुरेसं आहे, चरित्र कसं का असेना.

16 फेब्रुवारी

कपाटातून प्रत्यक्ष काढलेली पुस्तकं आज मार्गी लावली. मावशीच्या जुन्या ग्रंथालयाला आधी यादी पाठवली होती, सरसकट पोती नेऊन टाकायची नाहीत असं तिने बजावलं होतं कारण नको असलेली पुस्तकं ठेवायला त्यांच्याकडेही जागा नसते. त्यांनी टिक करून पाठवली, तेवढीच नेऊन दिली. मुलांची सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. कुजलेली, वाळवी लागलेली रद्दीत. अभ्यासाची जुनी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात एकाने घेतली, किंमत बोलण्यासारखी नाही पण कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

राहिले दिवाळी अंक! कितीतरी वर्षांचे, पॉलिथिनमध्ये बांधलेले. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात हे असं साठतंय, आणि मला ते पूर्ण टाकवत नाहीत, कारण दिवाळी अंकातला एखादा दीर्घ लेख नंतर कुठल्याच पुस्तकात येत नाही, तो तिथेच राहतो. म्हणून प्रत्येकाची अनुक्रमणिका बघितली, हवे ते लेख आणि कथा वेगळ्या टॅबमध्ये पान नंबरासकट लिहिल्या, आणि ज्या अंकातून काहीच लिहावंसं वाटलं नाही तो अंक दिला. अर्ध्याहून जास्त गेले. पाण्यावरचे दोन लेख मिळाले, एक विहिरींवरचा तर अप्रतिम, तिथेच जमिनीवर बसून वाचून काढला.

24 फेब्रुवारी

दिल्लीचं साहित्य संमेलन काल संपलं, अठ्ठ्याण्णवावं. अध्यक्ष तारा भवाळकर, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक, आणि या पदावर आलेल्या सहाव्याच बाई. त्यांचं भाषण ऐकल्यावर त्यांची तीन-चार पुस्तकं लगेच यादीत टाकायला बोटं शिवशिवायला लागली, आणि लक्षात आलं की यादी अशीच तर भरते: एखादं भाषण, एखादी मुलाखत, कोणाचं तरी निधन, एखादं प्रदर्शन, आणि त्या क्षणी खरंच हवं असतं ते.

म्हणून नवीन टॅब केला, "थांबा". नवीन नाव आधी तिथे जाईल. महिन्याभराने परत बघायचं, अजून हवंसं वाटलं आणि "का?" लिहिता आलं तर ग्रंथालयात वीस पानं, मगच मुख्य यादी. पिवळ्या ओळींना, म्हणजे दुर्मिळ पुस्तकांना ही अट नाही, दिसलं की घ्यायचं.

भवाळकरांचं एकच नाव थेट पुढे नेलं. जात्यावरच्या ओव्या, पाणवठा, पाणी भरणाऱ्या बायका, हे सगळं लोकगीतांमध्ये कसं येतं हे मला जाणून घ्यायचंय. नळ, हौद, धरण बांधणाऱ्या पुरुषांची पुस्तकं माझ्याकडे झाली, घरात ते पाणी आणणारी बाई त्यात कुठे दिसत नाही.

2 मार्च

यादी साठाच्या थोडी खाली आलीये. "का?" एकही रिकामं नाही. पिवळ्या ओळी आठ-नऊ आहेत, त्यातली दोन ग्रंथालयात सापडली, बाकीच्यांसाठी जुनी पुस्तकं विकणाऱ्या दोघांना नावं देऊन ठेवलीयेत.

इंग्रजी पुस्तकं मी अजून नीट तपासलेली नाहीत. किंडलवरची सॅम्पल्स म्हणजे फक्त सुरुवातच असते, मधली पानं मिळत नाहीत, त्यामुळे माझी पद्धत तिथे चालत नाही. त्यासाठी एखाद्या रविवारी दुकानात उभं राहून वाचावं लागणार.

मावशीने शीट परत मागवून घेतली आणि तिचं स्वतःचं एक नाव त्यात "थांबा" मध्ये टाकलंय, "का?" सकट. म्हणते तिची पण एक यादी आहे, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, आणि पुढच्या रविवारी मी येऊन तिला ती उतरवून द्यायचीये.

सध्या चालू: घरी मुळशी सत्याग्रह, अर्ध्यावर आलंय. बसमध्ये टॉलस्टॉय. त्यानंतर 'धग', ग्रंथालयातून काल घरी आणलीये, बुधवारपर्यंत सुरू करायची.